गवतातला गुलाब: खानदेशच्या रोशा तेलाची गोष्ट



आपल्या प्रत्येकीच्या परड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, गवती चहाचा एखादा तरी ठोंब असतो. पात तोडून चुरगळली की लिंबासारखा वास येतो. पाहुणे आले की चार पाती चहात जातात, आणि पावसाळ्यात कुणाला सर्दी झाली की काढ्यात. आज आम्ही तुम्हाला या गवती चहाच्या भावकीतल्या एका गवताची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव रोशा गवत. काही भागांत त्याला रोहिष असंही म्हणतात. त्याची पात किंवा तुरा चुरगळला तर लिंबाचा नाही, चक्क गुलाबाचा वास येतो.

ही गोष्ट आजच का सांगतोय, तेही ऐका. आपल्या माण, खटाव, जत, आटपाडीच्या बाजूला बचत गटांच्या बैठकीत अधूनमधून कुणीतरी येतं आणि सांगतं की ऊस सोडा, ज्वारी सोडा, सुगंधी शेती करा. कुणी जिरॅनियमची रोपं दाखवतं, कुणी वाळ्याची, कुणी ‘पामारोझा’ नावाच्या पिकाची. तेलाचे भाव ऐकून आपले डोळे मोठे होतात. मागच्या बैठकीत आमच्यातली एक जण उठून म्हणाली, “हे पामारोझा म्हणजे नवीन काय आहे, आणि आधी कुणी केलं असेल तर त्यांचं काय झालं?” प्रश्न चांगला होता. उत्तर शोधायला आम्ही दीडशे वर्षं मागे गेलो, तेव्हा कळलं की पामारोझा हे काही नवीन नाही. ते आपलं रोशाच आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात, खानदेशात, त्याचं तेल निघत होतं.

चुलीवरची भट्टी

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या प्रत्येक जिल्ह्याची सविस्तर माहिती पुस्तकात छापली गेली. त्याला गॅझेटियर म्हणतात. आपल्या साताऱ्याचा खंड १८८५ साली निघाला, खानदेशचा त्याआधी १८८० साली. त्या खानदेशच्या खंडात रोशा तेल काढण्याची पद्धत इतकी बारकाईने दिली आहे की वाचताना आम्हाला स्वयंपाकघरातच उभं असल्यासारखं वाटलं.

हे गवत पश्चिम खानदेशच्या उघड्या डोंगरउतारांवर उगवायचं, विशेषतः अक्राणीच्या बाजूला. म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातला सातपुड्याचा भाग. पाऊस सरत आला, साधारण सप्टेंबर लागला, की गवत पिकू लागायचं. डोंगरातले भिल्ल ते कापून आणायचे आणि तेल काढणारे मुसलमान कारागीर त्यांच्याकडून ते विकत घ्यायचे. भट्टी लावायची ती ओढ्याच्या काठाला, कारण तिथे पाणीही आणि सरपणही.

जमिनीत खड्डा खणायचा, चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल. ती झाली चूल. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई चढवायची. लहानसहान नव्हे, ३० ते ५० घागरी पाणी मावेल एवढी. तळाला थोडं पाणी, वर चिरलेलं गवत काठोकाठ. मग झाकण. आणि झाकणाच्या कडेने वाफ जाऊ नये म्हणून काय लावायचे, तर मळलेली कणीक! झाकणाला एक भोक, त्यात वेळूची नळी. नळीवर कापड गुंडाळायचं, त्याला उडदाचं पीठ लिंपायचं आणि वरून दोरी आवळायची. नळीचं दुसरं टोक दुसऱ्या बंद भांड्यात. ते भांडं गळ्यापर्यंत वाहत्या ओढ्यात बुडवलेलं.

चूल पेटली की गवतातून वाफ निघायची, नळीतून गार भांड्यात जायची आणि तिचं पाणी व्हायचं. ते भांडं भरत आलं की हलायला लागायचं, तीच खूण. मग नळी अलगद काढायची, भांड्यातलं पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं. हळूहळू वर तेलाचा तवंग यायचा, तो निपटून घ्यायचा. खाली राहिलेलं वासाचं पाणी फेकायचं नाही. ते पुढच्या गवताबरोबर परत कढईत जायचं, म्हणजे त्यात उरलेला तेलाचा अंशही वाया जात नसे.

मोदक उकडताना झाकण काढलं की आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असतात आणि त्या थेंबांना हळदीच्या पानाचा वास असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. रोशाची भट्टी म्हणजे तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. गवतातलं सुगंधी तेल एकटं तापवलं तर ते उकळायला २०० अंशांच्याही वर उष्णता लागते, आणि एवढ्या उष्णतेने त्याचा वास बिघडतो. पण पाण्याच्या वाफेची सोबत मिळाली की ते १०० अंशांच्या आतबाहेरच वाफेबरोबर निघून येतं. हे शास्त्र त्या कारागिरांनी पुस्तकातून शिकलं नव्हतं. हाताने करत करत शिकलं होतं.

मोजलेलं आणि न मोजलेलं

गॅझेटियरमध्ये आकडे आहेत. १८७९-८० साली खानदेशात १९७ भट्ट्या चालू होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे आजच्या मापात साधारण ३६ क्विंटल तेल निघालं. एका भट्टीच्या वाट्याला हंगामात जेमतेम १८ किलो.

इथे आम्ही वही-पेन घेऊन बसलो. आजच्या सुधारलेल्या पद्धतीनेही १०० किलो ओल्या रोशातून साधारण अर्धा किलो तेल निघतं. म्हणजे ३६ क्विंटल तेलाला निदान ७,२०० क्विंटल गवत लागलं असणार. डोक्यावरचा एक भारा २० किलोचा धरला तर होतात ३६,००० भारे. सातपुड्याच्या उतारावरून ओढ्याच्या काठापर्यंत, एका हंगामात, ३६,००० भारे. तेव्हाचा उतारा आजच्यापेक्षा कमी असेल तर याहून जास्त.

भट्ट्या मोजल्या, तेल मोजलं, पण हे भारे कुणी मोजले नाहीत. “भिल्लांकडून गवत विकत घेतात” एवढ्या एका वाक्यात ते सगळे संपले. त्यात बाया किती, पोरी किती, भाऱ्याला काय मिळालं, हे तिथे नाही. ज्यांनी कधी डोंगरातून गवताचा भारा आणलाय त्यांना मानेत काय होतं ते ठाऊक आहे. म्हणून त्या बायांची नावं आपल्याला माहीत नसली तरी त्यांना आपण ओळखतो.

आणखी एक ओळ त्या वर्णनात आहे, ती आपल्यासारख्या दुष्काळी मुलखातल्या लोकांनी नीट ऐकावी. हा धंदा मुळात पिंपळनेरला होता, आजच्या धुळे जिल्ह्यात. तिथलं गवत कमी झालं, मग धंदा नंदुरबार आणि तळोद्याकडे सरकला. सरकणाऱ्याला सरकता येतं. पण ज्यांचा डोंगर उघडा पडला ते मागेच राहिले.

गवत निघालं देशोदेशी

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरायचे आणि बैलांच्या पाठीवर लादायचे. काही माल कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला, काही धुळे-मनमाडवरून मुंबईला. मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांना आणि तिथून थेट तुर्कस्तानातल्या कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला.

तिथे काय व्हायचं? त्या काळी तुर्की सुलतानाच्या राज्यात, आज जो बल्गेरिया देश आहे तिथे कझानलिकच्या खोऱ्यात, गुलाबाची मोठी शेती होती. गुलाबाचं अत्तर जगात सगळ्यात महाग. कारण एक किलो अत्तराला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, आणि त्या पहाटे, ऊन चढायच्या आत खुडाव्या लागतात. एवढा महाग माल म्हटल्यावर भेसळ आलीच. व्यापाऱ्यांनी आपलं खानदेशी तेल घेतलं, लिंबाच्या रसाचं पाणी घालून ते घुसळलं, उन्हात ठेवून त्याचा रंग आणि उग्रपणा कमी केला, आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं. कधी तर भट्टीत जाण्याआधीच पाकळ्यांवर ते शिंपडत. सातपुड्याच्या डोंगरातलं गवत असं गुलाब होऊन युरोपातल्या श्रीमंत बायकांच्या रुमालावर जाऊन बसलं. युरोपात त्याला नाव पडलं ‘तुर्की जिरॅनियम तेल’. ना खानदेशचं नाव, ना रोशाचं.

भेसळ फक्त तिकडेच होती असं मात्र समजू नका. इकडेही तेलात टर्पेंटाइन आणि भुईमुगाचं तेल मिसळलं जायचं. मुंबईत काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिताना या तेलाची आणि त्यातल्या भेसळीची नोंद केली आहे.

वासाला नाव मिळालं

आता प्रश्न असा, की गवताला गुलाबाचा वास येतोच कसा? याचं उत्तर १८७१ साली जर्मनीत मिळालं. ऑस्कर याकोबसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेलं हेच गवताचं तेल घेतलं आणि त्यातून एक पदार्थ शुद्ध करून वेगळा काढला. बिनरंगाचा, पाण्यापेक्षा हलका, गुलाबासारख्या गोड वासाचा. तेल बाजारात जिरॅनियमच्या नावाने ओळखलं जायचं म्हणून पदार्थाचं नाव ठेवलं गेलं जिरॅनिऑल. तो सापडला आपल्या रोशात, पण नाव मात्र जिरॅनियमचं लागलं.

जिरॅनिऑलच्या एका कणात दहा भाग कार्बन, अठरा भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असतो. हाच पदार्थ गुलाबात असतो, जिरॅनियमच्या पानात असतो, थोडा लिंबात आणि गवती चहातही असतो. पण चांगल्या रोशा तेलात तो शंभरात पंचाहत्तर-ऐंशी किंवा त्याहून जास्त भाग भरतो. म्हणून रोशाचं तेल गुलाबाच्या अत्तरात लपू शकलं. ती नुसती नक्कल नव्हती, दोघांत तीच वस्तू होती.

एक गंमत सांगतो. मधमाशीही जिरॅनिऑल बनवते. तिच्या पोटाच्या शेवटाशी एक ग्रंथी असते. भरकटलेल्या बहिणींना पोळ्याकडे बोलवायचं असलं की ती शेपूट वर करून पंखांनी तो वास हवेत सोडते, आणि त्या वासात जिरॅनिऑल असतं. आपल्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या पेट्यांच्या दारात हा कारभार रोज चालतो.

कारागिरांचं ज्ञान किती खोल होतं तेही पाहा. त्यांच्याकडे तेलाच्या दोन जाती होत्या. मोतिया म्हणजे नाजूक, गोड, जास्त भावाचं. सोफिया म्हणजे उग्र, कमी भावाचं. त्यांचं म्हणणं असं की कोवळ्या, निळसर पांढऱ्या तुऱ्याच्या गवताचं तेल मोतिया आणि तेच गवत पिकून लाल झालं की सोफिया. पुढे १९०९ साली बर्किल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं की या गवताचे मुळातच दोन वाण आहेत, दिसायला जवळजवळ सारखे, पण तेल वेगळं. म्हणजे कारागिरांनी फरक अचूक ओळखला होता, त्याचं कारण मात्र वेगळं निघालं. आणि वयाचा मुद्दाही अगदीच सोडून देण्यासारखा नव्हता, कारण तुरा कोवळा असताना आणि पिकल्यावर तेलातले घटक खरोखर बदलतात.

दुभत्या जनावरांच्या मालकिणींसाठी आणखी एक. या गवताच्या शास्त्रीय नावात ‘मार्टिनी’ असा शब्द आहे. तो जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून आला. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईच्या वेळी दक्षिणेतल्या घाटमाथ्यावर त्यांनी पाहिलं की गुरं हे गवत आवडीने खातात, पण मग त्यांच्या दुधाला आणि लोण्यालाही त्याचा वास लागतो. त्यांनी बी गोळा करून लखनौला नेलं आणि लावलं. तेव्हा बांधाला रोशा लावायचा विचार असेल, तर गाय कुठे चरते तेही बघा.

मग पुढे काय झालं

विसाव्या शतकात कारखान्यात जिरॅनिऑल बनू लागलं. ते कशापासून, तर टर्पेंटाइनमधल्या एका घटकापासून. खानदेशात ज्या टर्पेंटाइनची भेसळ व्हायची, त्याच टर्पेंटाइनपासून रसायनशास्त्रज्ञांनी वासाची वस्तूच तयार केली. ती स्वस्त पडते. आज साबण, शाम्पू, पावडर, डास पळवणाऱ्या मलमांमध्ये जे जिरॅनिऑल असतं त्यातलं बरंचसं कारखान्यातलं. रोशाचं नैसर्गिक तेल संपलं नाही. त्यात जिरॅनिऑलबरोबर इतर बारीकसारीक वास असतात, म्हणून उंची अत्तरवाले ते अजून मागतात. पण त्याचा भाव आता डोंगरात ठरत नाही. कारखान्याचा माल किती स्वस्त आणि दुसऱ्या देशांत पीक किती, यावर तो वरखाली होतो.

आपल्या देशातही यावर काम झालं. लखनौची सीमॅप ही सरकारी संस्था १९५९ सालापासून औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करते. तिने रोशाचे सुधारित वाण काढले. २०१७ साली केंद्राने सुगंधी पिकांसाठी ‘अरोमा मिशन’ सुरू केलं. रोशा हे कमी पाण्याचं पीक आहे, हलक्या जमिनीत येतं, एकदा लावलं की काही वर्षं कापण्या देतं, आणि जनावरं-डुकरं इतर पिकांइतकी नासाडी करत नाहीत. हे सगळं खरं आहे. आम्ही कुणाला नको म्हणायला आलेलो नाही.

पण आमची गोष्टही ऐका. आमच्या गटाने काही वर्षांपूर्वी २० गुंठ्यांत जिरॅनियम लावलं. रोपं देणाऱ्याने सांगितलं, सगळा माल मीच घेणार. कागद झाला तो साधा, शिक्का नाही, भाव नाही. भट्टी त्याची, तीही दोन तास लांब. पहिली कापणी गेली, पैसे आले, आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या कापणीला गाडी चार दिवस उशिरा आली, पाला वाळला, तेल कमी भरलं. किती भरलं हे त्यानेच सांगितलं, कारण मोजताना आमच्यातलं कुणी तिथे नव्हतंच. तिसऱ्या कापणीला फोन लागला नाही. बचतीतून काढलेलं कर्ज फेडायला आम्हाला दोन वर्षं लागली.

खानदेशची ती पानं वाचताना आम्हाला आमचीच गोष्ट दिसली. गवत कापणारी एक, भट्टीचा मालक दुसरा, भाव ठरवणारा तिसरा आणि नाव लावणारा चौथा. दीडशे वर्षांपूर्वी भारा डोक्यावरून उतरला की बाईचा त्या तेलाशी संबंध संपायचा. आमचाही टेम्पो निघाला की संपला.

म्हणून उद्या कुणी सुगंधी शेतीचं सांगायला आलं, तर हाकलू नका, आणि भुलूही नका. चार गोष्टी विचारा. भट्टी कुणाची आणि किती लांब? कारण पाला दोन-चार दिवस पडून राहिला तर तेल जातं. तेल मोजताना आपल्यातलं कोण हजर असणार? तेलाची प्रयोगशाळेत तपासणी होणार का? तिथे यंत्रावर तेलात जिरॅनिऑल किती टक्के आणि भेसळ आहे का ते निघतं, आणि तो कागद आपल्या हातात असला तर भाव आपल्याला मागता येतो. आणि चौथं, करारावर भाव, तारीख आणि माल नेला नाही तर भरपाई लिहिली आहे का?

जमलं तर चार-पाच गटांनी मिळून लहान भट्टी घ्या. कणीक आणि उडदाचं पीठ लावून वाफ अडवणाऱ्यांचं काम आपल्याला अवघड जाऊ नये. तेल निघालं की त्यातलं पाणी पूर्ण काढा, स्वच्छ कोरड्या भांड्यात काठोकाठ भरा, अंधाऱ्या गार जागी ठेवा. आणि तेल थेट अंगाला लावू नका. जिरॅनिऑलने काहींच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येतं. खोबरेल तेलात थेंबभर मिसळून आधी मनगटावर लावून बघा.

शेवटचं एक काम सांगतो. तुमच्या गटात एक वही घाला. कोणत्या बाईने किती भारे कापले, किती तास, किती किलो, काय मिळालं, नावासकट लिहा. खानदेशच्या ३६,००० भाऱ्यांमागची नावं आता कुणालाच सापडणार नाहीत. आपली तरी सापडावीत.

तुमच्या गावात रोशा उगवत असेल, किंवा आजीकडून त्याच्या तेलाने सांधे चोळल्याची आठवण ऐकली असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर परड्यातल्या गवती चहाला पाणी घाला.

नमस्कार.